गोगलगाईतली मागची खुर्ची

शनिवारी अर्धाच दिवस काम असायचं, त्यामुळे अकरा वाजल्यापासूनच लॅबमधली माणसं हात कमी चालवायची आणि घड्याळाकडे जास्त बघायची. तिचं तसं नव्हतं. घरी जायची घाई व्हायला घरी कोणीतरी असावं लागतं. ती आपली स्क्रीनवरच्या एका परक्या माणसाच्या खालच्या जबड्यात डोकं खुपसून बसली होती. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचा स्कॅन यायचा, त्यावर नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. त्यात एखादा दात पडलेला असायचा, आणि तिने त्या जागी असा दात घडवायचा की शेजारच्या दातांनाही तो आपल्यातलाच वाटावा. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. नवी पोरं फार देखणे दात करायची आणि ते तोंडात गेले की भाड्याचा कोट घातलेल्या पाहुण्यासारखे उठून दिसायचे. तिचा दात कधी उठून दिसला नाही. हा माणूस कुठल्या बाजूने चावतो, ब्रश कुठल्या हाताने करतो, झोपेत दात खातो का, हे ती आधी शेजारच्या दातांवरून वाचायची आणि त्याच्या वयाची झीज नव्या दाताला अगोदरच देऊन टाकायची. पॉलिशवाली म्हणायची, "ताई, तुमचा नवाकोरा दात हातात घेतला की वाटतं, याने आत्तापर्यंत शंभर लग्नांची जेवणं उडवलीयत." ती यावर थोडं हसायची. त्या दिवशीही पॉलिशवाली असंच काहीतरी म्हणाली, आणि ती हसणार तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. गंजवाल्याने लिहिलं होतं.

गंजवाला कोण, कुठला, म्हातारा की तरणा, तिला काही ठाऊक नव्हतं. जगात कधीच नसलेली लढाईची यंत्रं कॉम्प्युटरवर खिळ्यामोळ्यांसकट घडवणाऱ्या लोकांचा एक गट होता, त्यातला तो. चालते किल्ले, उडते रणगाडे, परक्या चंद्रावरच्या तोफा, असलं सगळं. पोटापाण्याशी काडीचा संबंध नाही आणि कोणी विचारलं तर सांगायची लाज. गटात खऱ्या नावाने कोणी वावरत नसे. ती तिथे 'कवळी' होती, आणि कवळी हा कोणीतरी निवृत्त गृहस्थ असणार असं ठरवून सगळे तिला कवळीशेठ म्हणत. तिने ते कधी दुरुस्त केलं नाही. शेठ तर शेठ, नाहीतरी तिला इतक्या मानाने दुसरं कोण हाक मारत होतं? गटाचा एक रिवाज होता. यंत्र पूर्ण झालं की त्याची चित्रं टाकायची आणि बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं. हा सांधा वळणार नाही, हा पाय एवढं वजन पेलणार नाही, इथे पाणी साचेल. सगळ्या तपासणीतून यंत्र तरलं, तर जुन्या माणसांपैकी कोणीतरी तीनच शब्द लिहायचं: 'हे चाललेलं आहे.' म्हणजे हे नुसतं काढलेलं चित्र नाही, हे कुठेतरी खरोखर चालून आलंय. गंजवाल्याने हे तीन शब्द आजवर फक्त चौघांना दिले होते. गुरुवारी तिने आपल्या यंत्राची, 'गोगलगाई'ची, नऊ चित्रं टाकली, तीन वर्षांच्या कामानंतर, आणि दोन दिवस कौतुकाचा पाऊस पडत असताना ती फक्त गंजवाल्याची वाट बघत होती.

'कवळीशेठ,' त्याने लिहिलं होतं, 'काम एक नंबर. सांध्यांतलं वंगण, पोटाखाली वाळलेला चिखल, तोफेच्या तोंडाची काजळी, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण हे चाललेलं आहे असं मी म्हणणार नाही. आत दोन खुर्च्या आहेत, पाठीला पाठ लावून. पुढच्या खुर्चीत कोणीतरी वर्षानुवर्षं बसलंय. उजव्या हाताचा माणूस, उंचीने कमी. पाय पुरत नाहीत म्हणून पायटेकूची फक्त कड झिजलीय. इतकं बारीक बघितलंत, शाबास. पण मागची खुर्ची दुकानातून आणल्यासारखी कोरी आहे. तिच्यात कोणी एकदासुद्धा बसलेलं नाही. मग मागचं सांगतं कोण?'

आला मोठा शहाणा, असं ती पहिल्यांदा मनात म्हणाली. मग तिने ते पुन्हा वाचलं. उजव्या हाताचा माणूस, उंचीने कमी. डब्याचं झाकण तिने उघडलं होतं ते परत लावलं, आणि पॉलिशवालीने "काय हो ताई, कोणाचं काही वाईट कळलं का?" असं विचारलं. "नाही गं, एक चूक निघालीय," ती म्हणाली. "मग करा की दुरुस्त, तुम्हाला काय अवघड आहे!" असं म्हणून पॉलिशवालीने मशीनवरचं कापड झटकलं आणि ती चपला शोधायला लागली. दोन वाजता लॅबचं शटर खाली आलं. ती रोजच्या रस्त्याने निघाली, औषधांच्या दुकानावरून, चावीवाल्याच्या टपरीवरून, आणि रस्ताभर तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं, आणि ते गंजवाल्याच्या आवाजात नव्हतं. गंजवाल्याचा आवाज तिने कुठे ऐकला होता? तो दादाचा आवाज होता, बारा वर्षांच्या दादाचा, फुटायला लागलेला. मागे काय?

गोगलगाय तिने काही आपल्या मनाने काढलेली नव्हती. ती दादाची. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर त्याने पहिल्यांदा तिचं चित्र काढलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि ती आठ. वरून घुमटासारखी पाठ, एकदम गरीब, आणि शत्रू जवळ आला की पोटातून सहा पाय बाहेर. 'गोगलगाय आणि पोटात पाय' असं आई ज्यांना म्हणायची त्या सगळ्या नातेवाइकांवरून त्याला ते सुचलं होतं. लढाई दोन सूर्यांच्या एका ग्रहावर चालू होती आणि ती कधीच संपत नसे, कारण जेवायला हाक आली की ती तिथेच थांबायची. दोन लाकडी खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, वर चादर. पुढच्या खुर्चीत दादा, हातात झाडूचा दांडा. मागच्या खुर्चीत ती, लाटणं घेऊन, म्हणजे तोफेवर. नियम दादाचेच. चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही, तोफवाल्याला पुढचं दिसत नाही, म्हणून चालवणाऱ्याने दर थोड्या वेळाने ओरडायचं, "मागे काय?" आणि तोफवाल्याने जे असेल ते खरं सांगायचं. काही नसेल तर "मागे साफ!" एकदा शत्रू अंगावर आलेला असताना तिने उगाच गंमत म्हणून "मागे साफ" सांगितलं, तेव्हा दादाने चादर काढून टाकली आणि दोन दिवस तिच्याशी खेळला नाही. "बारके, खोटं सांगायचं असेल तर उठ त्या खुर्चीतून," असं म्हणाला होता. तेव्हा ती फार रडली होती. पण ती खुर्ची तिला कशी वाटायची हे आठवलं की अजूनही तिच्या पाठीला ऊब यायची. खुर्च्यांच्या पट्ट्यांमधून दादाची पाठ लागायची, आणि तो दांडा ओढायचा तेव्हा त्याच्या डाव्या खांद्याचं हाड तिच्या खांद्याला टोचायचं. डाव्या. दादा डावखुरा होता.

घरी येऊन तिने कॉम्प्युटर सुरू केला, आणि खरं म्हणजे सुरू करायची गरज नव्हती, तिला सगळं पाठ होतं. तरी तिने गोगलगाईची पाठ बाजूला केली, आत शिरली, पुढच्या खुर्चीपाशी थांबली. चालवायचा दांडा. त्याच्या मुठीवरचा हिरवा रंग उडालेला, खालचं लोखंड हाताच्या घामाने काळसर चकचकीत, अंगठ्याची जागा वेगळी, करंगळीची वेगळी. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. आणि ते उजव्या हाताचं होतं. झिजेबद्दल तिला कोणी शिकवायला नको होतं. वडील कारखान्यात फिटर होते, सुट्टीच्या दिवशी दोघांना घेऊन जायचे आणि ड्रिलच्या मशीनचं चाक दाखवायचे. "बघा, रंग कुठे गेलाय? याच्यावर उंच माणूस होता. आणि इथे बघा, हा डावखुरा, आपल्या दादासारखा. माणूस नोकरी सोडून जातो, पण मशीन त्याचं नाव सांगत राहतं. मशीनला खोटं बोलता येत नाही." एवढं सगळं पाठ असताना हे झालं कसं, तर तिच्या काम करायच्या पद्धतीमुळे झालं. अंदाजाने रंग उडवणं तिला पटत नसे. ती तळहाताला खडूची पूड चोळायची, घरातल्या खुर्चीत बसायची, झाडूचा दांडा धरून पाच-दहा मिनिटं ओढायची, ढकलायची, आणि दांड्यावर जिथे पांढरं उमटलं तिथला रंग स्क्रीनवर उडवायची. टाचा कुठे घासतात, कोपर कुठे टेकतं, सगळं असंच. दादासाठी करतेय असं समजून तीन वर्षं ती दादाच्या खुर्चीत स्वतःच बसली होती. मागच्या खुर्चीची आठवणसुद्धा झाली नाही. खुर्ची घडवली, चामड्याची शिवण घातली, शिवणीचा प्रत्येक टाका मोजला, आणि तशीच सोडून दिली.

घरात दुसरी खुर्ची होती. तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला असायचा. ती खुर्ची आहे हेच मुळात ती विसरली होती. कपडे आहेत एवढंच तिला दिसायचं.

आणि मंगळवारी दादाचा मेसेज आला होता. नऊ वर्षांत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्यावर धन्यवाद, यापलीकडे दोघांमध्ये अक्षर गेलं नव्हतं. 'सोमवारी पहाटे निघतोय. मुलाकडे, कायमचा. रविवारी दिवसभर घरी आहे.' भेटायला ये असं म्हटलं नव्हतं. त्याचं घर बसने दोन तासांवर, पण ते दोन तास नऊ वर्षांत कोणी कापले नव्हते. तिने मेसेज वाचला होता, आणि तिने तो वाचलाय हे त्याला तिकडे दिसत असणार, मंगळवारपासून आज शनिवारपर्यंत. ती कोणालाही विचारू शकली असती की मी काय करू, आणि कोणीही सांगितलं असतं की जा. पण मग त्यांना हेही सांगावं लागलं असतं की भांडण कशावरून झालं, आणि ते ती नऊ वर्षं एका ठरावीक पद्धतीने सांगत आली होती. आई चार महिने अंथरुणाला खिळली होती, मी एकटीने केलं, दादा आला तो सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी. मी विचारलं, तू बसलास का एक दिवस तिच्या उशाशी? आणि तो म्हणाला, तू बोलावलंस का एकदा तरी? बस, एवढंच. ऐकणारा माणूस लगेच तिच्या बाजूने व्हायचा. दातही खायचा दादाच्या नावाने. या गोष्टीत खोटं काही नव्हतं. फक्त एक वस्तू त्यातून काढून ठेवलेली होती, आणि ती वस्तू तिच्या कपाटाच्या खालच्या खणात, लॅबच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत होती.

तिने डबी काढली. आईची कवळी. स्वतःच्या हाताने केलेली, आईच्या जुन्या फोटोवरून, समोरच्या दोन दातांमधल्या फटीसकट. पहिली दोन वर्षं आईने ती भरपूर वापरली, दाढांवर त्याची झीज होती. मग ते आजारपण आलं, हिरड्या आक्रसल्या, कवळी टोचायला लागली आणि आई तिच्याशिवायच राहायला लागली. तोंड आत गेलं, गाल आत गेले, आठ दिवसांत आई दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली. दादा रविवारी फोन करायचा, चेहरा दिसणारा फोन, तिकडून त्याचं काम, त्याचे दौरे, त्याचं पुढचं सगळं, आणि विचारायचा, "काय म्हणतेय आई?" फोन वाजला की ती आधी उठायची. कवळीला चिकटवायची पेस्ट लावायची, आईचं तोंड उघडून ती बसवायची, आईचे केस सारखे करायची, उशी उंच करायची, फोन जरा वरून धरायची म्हणजे गळ्याची हाडं दिसत नाहीत. मग बटण दाबायची. पाच मिनिटं आई पूर्वीसारखी हसायची. फोन बंद झाला की कवळी काढताना आईच्या डोळ्यांत पाणी यायचं, कारण दुखायचं. दादाला सांगू नकोस, उगाच धावत येईल, असं आई एकदा म्हणाली होती, एकदाच, अगदी सुरुवातीला. त्या एका वाक्यावर तिने चार महिने काढले. कारण खरं सांगायचं तर तिला तो यायला नको होता. आयुष्यभर आईच्या तोंडात दादा, दादा, दादा. तो येता तर आई शेवटचे चार महिनेही दाराकडे बघत बसली असती. तिला आई एकदा तरी पुरतीच्या पुरती हवी होती. आणि नंतर तिला हेही हवं होतं की सगळ्यांनी म्हणावं, हिने एकटीने केलं. दोन्ही मिळालं. हुबेहूब खोटं करायची कला जगात तिच्याइतकी कोणाला येत होती?

तिने डबी टेबलावर ठेवली. मग दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले, ती खुर्ची ओढत आणली आणि पहिल्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून ठेवली. सवयीनेच तिने तळहाताला खडूची पूड चोळली आणि मागच्या खुर्चीत बसली. चाळीस वर्षांनी. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी वाळत घातलेलं काढत होतं, पाच वाजले असतील. ती पाठ टेकवून जरा थांबली. पट्ट्यांमागे काहीच नव्हतं. लाकूड तेवढं लागत होतं. तिला अचानक इतकं एकटं वाटलं की ती उठून स्वयंपाकघरात जाणार होती, गॅसवर काहीतरी ठेवणार होती, पण मग ही खुर्ची पुन्हा कपड्यांखाली गेली असती. तिने फोन उचलला. पुडीचा हात पुसायचंही राहिलं.

तीन वेळा वाजल्यावर त्याने घेतला. मागे चिकटपट्टी ओढल्याचा टर्रर्र आवाज येत होता, खोकी बांधणं चालू असावं.

"हं," तो म्हणाला.

"दादा, मी."

"नाव आलंय इथे." पट्टी पुन्हा ओढली गेली. "बोल."

तिने मनात काही जुळवलं नव्हतं. "दादा, आईच्या वेळी मी तुला दर रविवारी मागे साफ म्हणून सांगत होते. साफ नव्हतं."

पट्टीचा आवाज थांबला. त्याला चादर आठवली का, खुर्च्या आठवल्या का, तिला कळायला मार्ग नव्हता. तिकडे कोणीतरी बाई काहीतरी विचारत होती, त्याने तिला बहुतेक हाताने थांबवलं.

"किती दिवस माहीत होतं तुला?"

"पहिल्या आठवड्यापासून. चार महिने."

"मी तिला रोज बघत नव्हतो, पण दर रविवारी बघत होतो की. चांगली दिसायची."

"तुझा फोन आला की मी तिला कवळी बसवायचे. एरवी ती घालत नव्हती. दुखायची तिला."

तिने फोन कानापासून काढून बघितला, लागलेला आहे की तुटला. लागलेला होता.

"मी तिला म्हटलं होतं," दादाचा आवाज खाली गेला होता, "शेवटच्या-शेवटच्या रविवारी. म्हटलं, आई, दात काय सुंदर दिसतायत गं तुझे. बारकीने केलेत ना?"

"हो."

"ती हसली होती."

"हो दादा. मी तिथेच होते, फोन धरून."

"आता नऊ वर्षांनी हे सांगून काय उपयोग?" तो एकदम ओरडला. चिडला की तो असाच ओरडायचा, आधी हळू, मग एकदम. "मी निघालोय इथून. काय करू मी हे घेऊन? कुठल्या खोक्यात भरू?"

"उपयोग काही नाही," ती म्हणाली. रडू येत होतं तरी आवाज सरळ राहिला, याचं तिला नवल वाटलं. "पण सांगायचं काम माझं होतं. मागे मी बसले होते."

तिकडे काहीतरी जमिनीवर ठेवल्यासारखा आवाज झाला. तो बसला असावा, कशावर कोण जाणे. त्याचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी खुर्चीच्या पट्ट्यांमधून यायचा तसा, जड. आता तो फोन ठेवेल, आणि ठेवला तर बरोबरच आहे, असं तिने मनाशी म्हटलं. ठेवला तर परत करायचा नाही, एवढंही ठरवलं.

"मी उद्या येऊ?" तिने विचारलं.

"घरात काही नाही आता. भांडी गेली, पलंग गेले. बसायला एक खुर्चीसुद्धा उरलेली नाही."

"मी उभी राहीन."

त्याने पुन्हा टर्रर्र करून पट्टी ओढली, पण अर्ध्यातच सोडली.

"सामान नेणारे दिवसभर येत-जात असतात," तो शेवटी म्हणाला. "दार उघडंच असतं. आणि ती कवळी, असली तर घेऊन ये."

फोन बंद झाला. ती तशीच बसून राहिली, समोरच्या गच्चीवरची दोरी रिकामी होईपर्यंत. मग तिने फोन मांडीवर ठेवला तेव्हा दिसलं की त्याच्या काळ्या पाठीवर तिची चार बोटं आणि अंगठा पांढरे उमटले होते. तिने ते पुसले नाहीत. खुर्चीतून न उठता तिने गंजवाल्याला लिहिलं, 'बरोबर पकडलंत. मागची खुर्ची माझी आहे,' आणि सकाळची पहिली बस किती वाजता सुटते ते बघायला लागली.